स्वतःची झडती कशी घ्यावी: प्रभुभोजनाच्या आदल्या रात्रीपासून परतफेडीपर्यंत

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रविवारी पाळकसाहेब बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायातलं वचन वाचतात: प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा करावी, मग भाकर खावी. त्यानंतर मिनिटभर शांतता असते. त्या मिनिटात बहुतेक जण डोळे मिटून "प्रभू, कळत नकळत झालेल्या सगळ्या पापांची क्षमा कर" एवढं म्हणतात आणि रांगेत उभे राहतात. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पाप कोणतं, कुणाचं बिघडवलं, किती बिघडवलं, याचा पत्ताच नाही. सगळ्याची एकदम माफी मागून मोकळा.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या शनिवारच्या शास्त्राभ्यासात हा विषय निघाला की तीच तीन माणसं दिसतात. एक मोघम कबुली देतो. दुसरा स्वतःला झोडपत बसतो, आणि त्यालाच नम्रता समजतो. तिसरा तपासणी गाळून थेट विचारतो, "देवाची माझ्या आयुष्यासाठी योजना काय?" तिघांचीही तळमळ खरी असते, फक्त क्रम चुकलेला असतो. म्हणून क्रमच नीट लिहून काढतो आहे. कृपया मधला टप्पा गाळू नका. बहुतेकांचं अडतं ते सहाव्या टप्प्यावर, आणि पाचव्यावरून उडी मारून सातव्यावर जाता येत नाही.

आधीची तयारी

एक साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. मधेच मेसेज येतो आणि आपण तिकडे जातो. वही कुणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, आणि दुसऱ्यांची नावं पूर्ण न लिहिता आद्याक्षर लिहा. तुमच्या कबुलीत दुसऱ्याची अब्रू उघडी पडायला नको.

जागेचं काय? "खोलीत जा, दार लाव" असं प्रभूने सांगितलं आहे (मत्तय ६:६), पण आपल्याकडे एका खोलीत पाच माणसं झोपतात. रात्री गच्ची, पहाटे बांध, नाहीतर उपासना सुटल्यावर रिकामं झालेलं चर्च. ऊसतोडीला गेलेल्या आमच्या एका भावाने कोपीबाहेर (तात्पुरत्या झोपडीबाहेर), बैलांना वैरण टाकल्यावर बसायची सवय लावून घेतली आहे. जागा ठरलेली असली की मन लवकर लागतं.

वेळ सुरुवातीला पाऊण तास, शनिवारी रात्री. पुढे रोज दहा मिनिटं पुरतात.

थांबा: त्याच दिवशी घरात कडाक्याचं भांडण झालं असेल, उपाशी असाल किंवा दोन रात्री झोप झालेली नसेल, तर आज बसू नका. रागात समोरच्याचीच पापं दिसतात आणि थकव्यात फक्त स्वतःची.

टप्पा १: सुरुवात उपकारांपासून करा

पहिल्या पानावर पाप लिहायचं नाही. मागच्या आठवड्यातल्या तीन गोष्टी लिहा ज्यांबद्दल देवाचे उपकार मानावेसे वाटतात. "आरोग्य, कुटुंब, अन्न" असं लिहू नका, ते सगळेच म्हणतात. "मंगळवारी टँकर आला तेव्हा शेजारच्या मावशींनी माझे दोन हंडे भरून ठेवले" असं लिहा.

याला कारण आहे. कॅथलिक येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात रोजच्या तपासणीची पाच पायऱ्यांची रीत घालून दिली, तिचीही पहिली पायरी आभारच आहे. ज्याला आपल्यावर प्रेम आहे हे ठाऊक आहे, तोच खरं बोलायला धजावतो. मार खायची भीती असलेलं पोर खोटं बोलतं. मग रोमकरांस पत्रातलं ८:१ हळू वाचा: ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही. तपासणी या वचनाच्या आत बसून करायची आहे, त्याच्या बाहेर उभं राहून नाही.

टप्पा २: उजेड मागा

आता स्तोत्र १३९ची शेवटची दोन वचनं प्रार्थना म्हणून म्हणा. दावीद राजा तिथे देवाला म्हणतो, तूच माझी झडती घे. इथे बरेच जण घाई करतात. आपली आपण झडती घेतली की आपण नेमकं तेच खिसे उलटे करून दाखवतो ज्यांत काही नाही.

प्रार्थनेनंतर पाच मिनिटं गप्प बसा. काही सुचलं नाही तरी चालेल. एखादा चेहरा डोळ्यासमोर आला, तर तो मनातून ढकलू नका, वहीच्या कोपऱ्यात आद्याक्षर टिपून ठेवा. बहुतेक वेळा पुढचं काम तिथूनच निघतं.

टप्पा ३: नमुना सगळ्या रानातून घ्या

माती परीक्षणाला नमुना नेलेला असेल, तर हे लगेच पटेल. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाशेजारची माती घ्यायची नसते. रानात नागमोडी चालत जागोजागी खड्डे घ्यायचे, सगळी माती एकत्र करायची, मग त्यातला अर्धा किलो पिशवीत भरायचा. खताच्या ढिगाजवळची माती दिली तर अहवाल छान येतो आणि पीक मात्र जातं.

आपण रविवारचा नमुना देतो. चर्चला गेलो, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) दिला, कोणाला वाईट बोललो नाही. सोमवार ते शनिवारच्या मातीला हात लागत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक ठिकाणी एक खड्डा घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी मागच्या आठवड्यातला एक प्रसंग आठवा. स्वभाव आठवू नका, प्रसंग आठवा.

पैसा: कुणाची उधारी आहे, आणि देता येत असून टोलवली का? बचतगटाच्या, मंडळीच्या (चर्चच्या) किंवा भिशीच्या पैशाला, दोन दिवसांसाठी का होईना, हात लावला का? भावाच्या किंवा बहिणीच्या हिश्शाचा कागद मुद्दाम लांबवला आहे का?

जीभ: "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणून कुणाच्या घरातलं बोललात का? ग्रुपवर खात्री न करता काय पुढे पाठवलं?

घर: बायकोशी, नवऱ्याशी, सुनेशी, म्हाताऱ्या आईशी कोणत्या आवाजात बोललात? चर्चमधला आवाज आणि घरातला आवाज यांत किती अंतर आहे?

काम: कामाचे पैसे पूर्ण घेतले आणि काम अर्धं केलं, असा दिवस कोणता?

एकांत: रात्री अकरानंतर मोबाइलवर काय पाहिलं?

जात: हा खड्डा आपण सगळेच चुकवतो, म्हणून वेगळा लिहितो. एका भाकरीतून खाणारे आपण, सोयरीक जमवताना "मूळचे कोण?" असं विचारलं का? मंडळीच्या निवडणुकीत मत कशावर दिलं? ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातलं ३:२८ आपण पाठ म्हणतो. या प्रश्नाचं उत्तर लिहिताना हात थरथरला तर थरथरू द्या, पण लिहा.

पडताळा: पानावर किमान चार प्रसंग आहेत का, आणि प्रत्येकाला वार किंवा जागा आहे का? "मी कधीकधी रागावतो" असं वाक्य असेल, तर ते खोडून "गुरुवारी संध्याकाळी, पाण्याच्या मोटारीवरून, धाकट्यावर" असं लिहा.

टप्पा ४: पापाला त्याच्या नावाने हाक मारा

प्रत्येक प्रसंगासमोर एक वाक्य लिहा, आणि ते "मी" या शब्दाने सुरू करा. "गैरसमज झाला", "परिस्थितीच तशी होती", "चूक झाली" ही वाक्यं बाद. चूक आपोआप होत नाही, कुणीतरी करतं.

शास्त्रातले दोन राजे शेजारी ठेवून पाहा. शत्रूचं सगळं नष्ट करायची देवाची आज्ञा शौल राजाने मोडली. शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, मेंढरं लोकांनी आणली, आणि तीही यज्ञासाठी (१ शमुवेल १५). दावीदाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं. नाथान संदेष्ट्याने बोट दाखवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला: मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे (२ शमुवेल १२). दावीदाचा गुन्हा कमी होता असं कुणी म्हणणार नाही. फरक वाक्याच्या कर्त्यात आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कुसळ आणि मुसळ. लिहिता लिहिता तिसऱ्या ओळीला "पण तिनेही..." सुरू होतं. तसं झालं तर तिथे पेन उचला. तिचा हिशेब तिच्या वहीत आहे.

इशारा: ही तपासणी कुणाकुणाने करू नये

जिला घरात मारहाण होते, तिने "माझंच काय चुकलं?" म्हणून वही घेऊन बसू नये, आणि मंडळीनेही तिला तसं बसवू नये. तुमच्यावर झालेला अन्याय तुमच्या कबुलीच्या पानावर जात नाही. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे, तो वापरा.

दुसरं. प्रेषित पौलाने दोन दुःखं सांगितली आहेत, देवाला अनुसरून असलेलं आणि जगाचं (२ करिंथ ७:१०). पहिलं माणसाला उठवून कुठेतरी नेतं: माफी मागायला, पैसे परत करायला. दुसरं माणसाला कोपऱ्यात बसवतं आणि म्हणतं, तू काही कामाचा नाहीस. हा दुसरा आवाज आठवडाभर थांबत नसेल, जगावंसंच वाटत नसेल, तर वही मिटा. तो आवाज देवाचा नाही. घरातल्या कुणाला तरी आजच्या आज सांगा, डॉक्टरांकडे जा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही मोफत बोलता येतं. आपल्या मराठवाड्यात कर्जापायी किती घरं उद्ध्वस्त झाली हे मी तुम्हाला सांगायला नको. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

टप्पा ५: कबुली, आधी देवापुढे, मग एका माणसापुढे

देवापुढे प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचली की आपण अवघड शब्द गिळतो. शेवटी १ योहान १:९ (पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) वाचा आणि तिथे थांबा. तेच पाप दुसऱ्या दिवशी पुन्हा कबूल करत बसायचं नाही. पावती मिळालेलं बिल कुणी पुन्हा भरत नाही.

मग माणूस. याकोब ५:१६ सांगतं, एकमेकांजवळ पापं कबूल करा. कॅथलिक घरांत यासाठी पापनिवेदन आहे, तिथे फादर ऐकलेलं बाहेर नेऊ शकत नाहीत. आपल्याकडे, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, ती सोय नाही म्हणून आपण ही पायरीच गाळतो. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७३८ साली लहान गटांसाठी नियम लिहिले, त्यांत आठवड्यातून एकदा जमून एकमेकांना मागच्या भेटीपासूनच्या पापांबद्दल सरळ विचारायचं ठरवलं होतं. तेवढं मोठं नको, एक माणूस पुरे. तो तुमच्याच लिंगाचा असावा, तुमच्या पैशाच्या व्यवहारातला नसावा, आणि त्याच्या तोंडून तुम्ही दुसऱ्याचं गुपित कधी ऐकलेलं नसावं. ही शेवटची कसोटी लावली की यादी फार लहान होते, पण ती लावाच.

माइकवरून साक्ष देताना कबुली देऊ नका. तिथे लोक "हालेलुया" म्हणतात आणि परतफेड राहून जाते.

ऐकणाऱ्यासाठी एक सूचना: बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते गुपित राहत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू हे गप्प बसायचं कारण होऊ शकत नाही.

टप्पा ६: परतफेड

हा टप्पा मी स्वतः पुस्तकातून शिकलो नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मी मोंढ्यात (धान्यबाजारात) एका आडत दुकानात हिशेब लिहायचो. पोत्याचं वजन वजा व्हायचंच, त्यावर प्रत्येक पोत्यामागे आणखी अर्धा किलो कडता धरायचा, असा तिथला शिरस्ता. शेतकरी काट्यापाशी उभा असायचा, आकडा मी लिहायचो. रात्री प्रार्थनेत "कळत नकळत" म्हणायचो. कळत होतं. मालकाने सांगितलं, मी लिहिलं, असं मी स्वतःला समजावत होतो. शौलाचंच वाक्य ते. आणि दिवाळीची बक्षिसी त्यातूनच तर यायची.

नोकरी सुटल्यानंतर एका शनिवारी आम्ही जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट वाचत होतो (लूक १९). तो नुसता रडला नाही, चौपट परत देतो म्हणाला. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं, हा निर्गम २२चा दंड त्याने स्वतःहून लावून घेतला. गणना ५:७ मध्ये, जो आपण होऊन कबूल करतो त्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असं सांगितलं आहे. मी घरी येऊन नेहमीच्या शेतकऱ्यांची नावं लिहायला बसलो. अकरा आठवली.

पहिला हिशेब एका शेतकरी काकांचा, तो असा होता: एका वर्षाची तुरीची १२ पोती, म्हणजे ६ किलो. ६० रुपये किलोने ३६०. पाचवा हिस्सा ७२. एकूण ४३२ रुपये. पाकीट घेऊन त्यांच्या गावी गेलो तेव्हा काका गोठ्यात शेण भरत होते. हात धुऊन, धोतराला पुसून त्यांनी पैसे मोजले आणि विचारलं, "हे वरचे बहात्तर कशाचे?" मी सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्याच पोत्यांचं होतं, का सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"मग बाकीच्यांकडं कधी जाणार?"

मला वाटलं होतं ते पाठ थोपटतील, नाहीतर शिव्या देतील. दोन्हीची मी तयारी करून गेलो होतो. या प्रश्नाची नव्हती. परतफेड पहिल्या घरी संपत नाही, हे मला त्या गोठ्यात कळलं.

त्यानंतर जे शिकलो ते असं:

१. आधी आकडा काढा, मग जा. "काही चुकलं असेल तर माफ करा" असं म्हणत गेलात तर समोरचा संकोचून "नाही हो" म्हणतो आणि विषय संपतो.

२. माफी मागताना कारण सांगू नका. कारण सांगितलं की माफी मागणाऱ्यालाच दिलासा द्यावा लागतो.

३. बदनामी केली असेल तर ज्यांच्यापुढे बोललात त्यांच्यापुढेच खरं सांगा. ग्रुपवर बोललात तर ग्रुपवर. ज्याला त्या बोलण्याचा पत्ताच नाही, त्याच्या दारात जाऊन त्याला नवीन जखम देऊ नका. आधी तुमच्या विश्वासातल्या माणसाशी बोला.

४. समोरच्याला भेटायचंच नसेल, तर भेट लादू नका. विशेषतः ज्याला तुम्ही भीती घातली होती त्याच्यावर. चिठ्ठी पाठवा आणि वाट पाहा. माफ करणं त्याच्या हाती आहे, देणं तुमच्या हाती.

५. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा, तारीख सांगा, आणि ती पाळा.

६. माणूस सापडत नसेल तर? गणना ५:८ मध्ये तशी सोयही सांगितली आहे, जवळचा आप्त नसेल तर ती रक्कम याजकाकडे जायची. दानपेटीत टाकणं सोपं वाटलं, पण मला ते पटलं नाही. शेतकऱ्याचं देणं शेतकऱ्याच्याच घरी जावं म्हणून मी ते गावातल्या एका विधवा ताईंच्या बियाण्याला दिलं.

पडताळा: मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायचं असतं. सगळं फिटेपर्यंत प्रभुभोजनापासून दूर राहावं का? पहिलं पाऊल टाकलं असेल, निरोप दिला असेल, तारीख ठरली असेल, तर या. टाळाटाळ चालू असेल, तर पाळकांशी बोला.

टप्पा ७: आता हेतू लिहा

"देवाची योजना काय?" हा प्रश्न आता विचारा. आधी विचारला असता तर उत्तरात स्वतःची हौसच ऐकू आली असती. परतफेडीला दारोदार फिरलेल्या माणसाला आपल्याला कुठे पाठवलं आहे याचा अंदाज बहुधा आलेला असतो.

पानावर तीन प्रश्न लिहा. माझ्या पदरात कोण आहे? माझ्या हातात कोणतं काम आहे? कुणाचं दुःख पाहून मला राहवत नाही? तिन्ही उत्तरं जिथे जवळ येतात, तिथे एक वाक्य लिहा. इफिस २:१० म्हणतं, सत्कृत्यं देवाने आधीच तयार करून ठेवली आहेत. ती शोधायला मुंबईला जावं लागत नाही, बहुतेक वेळा ती आपल्या गल्लीतच पडलेली असतात.

आमच्यातल्या एका शिक्षिका ताईंनी लिहिलं होतं: "देवाच्या राज्यासाठी मोठं कार्य करीन." आम्ही विचारलं, कुणासाठी, कधीपर्यंत, कोणत्या वेळी? चौथ्यांदा लिहिलेलं वाक्य असं झालं: "माझ्या वर्गातल्या ज्या पाच मुलांचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, त्यांना मार्चअखेरपर्यंत रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास वाचायला बसवीन." ताईंना आधी ते फार लहान वाटलं. मी म्हणालो, ताई, त्या पाच पोरांना विचारा लहान आहे का.

वाक्य एका हंगामापुरतंच लिहा. जन्मभराचं लिहिलं की ते भिंतीवर लागतं आणि तिथेच राहतं. उपासना, साक्ष, गायन यांतलंच काही लिहिलं पाहिजे असंही नाही. कलस्सै ३:२३ दासांना उद्देशून आहे: जे काही करता ते जिवेभावे, प्रभूसाठी म्हणून करा. प्रामाणिक काटा लावणं हेही पूर्ण वेळेचं सेवाकार्य आहे.

टप्पा ८: पाहणी

रोज रात्री दहा मिनिटं: एक उपकार, एक प्रसंग, उद्याचं एक पाऊल. शनिवारी वीस मिनिटं: देणं किती राहिलं, हेतूच्या वाक्यासाठी या आठवड्यात काय केलं. हंगाम संपला की वाक्य बदला.

एकच पाप तीन शनिवार लागोपाठ आलं, तर नवी शपथ घेऊ नका. व्यवस्था बदला. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, मंडळीच्या पैशाची किल्ली दुसऱ्याकडे द्या, बाजारच्या दिवशी त्या दुकानापुढून जाणारा रस्ता सोडा. शपथ मोडली की आपण वही लिहायचीच बंद करतो. हे मी स्वतः दोनदा केलं आहे.

एखाद्या शनिवारी पान कोरं राहिलं तर ओढूनताणून पाप शोधू नका, टप्पा एकवरच थांबा, उपकार माना आणि झोपा. महिनाभर कोरंच राहिलं, तर मात्र बायकोला किंवा नवऱ्याला विचारा. तिथे उत्तर मिळतं.

वही भरली की फिटलेली पानं मी चुलीत घालतो. बाकी देण्याचं पान तेवढं नव्या वहीत उतरवून घेतो. माझ्या पानावर अजून दोन नावं आहेत. त्यातला एक जण अंबड तालुक्यात लेकीकडे राहायला गेला आहे, असं परवाच्या बाजारात कळलं. सोमवारी पहिल्या एसटीने जायचं ठरवलं आहे.